खा गं बाई, वाळ गं बाई

मराठी घरात बाळंतिणीला दोनच हुकूम मिळतात. सव्वा महिना संपेपर्यंत ‘खा’. सव्वा महिना संपला की ‘वाळ’. हुकूम सोडणारी माणसं तीच, मायाही तीच, फक्त मधल्या काळात त्यांच्या हातातली लाडवांची ताटली खाली आलेली असते आणि भुवया वर गेलेल्या असतात.

पहिल्या पर्वात तिनं ‘लाडू नको’ म्हटलं तर ती बाळाच्या जिवावर उठलेली असते. ‘अगं, तुझ्यासाठी कोण सांगतंय? त्याच्यासाठी खायचं!’ मग सकाळी आळिवाची खीर, दहा वाजता डिंकाचा लाडू, दुपारी तुपात न्हालेला मऊ भात, चारला मेथीचा लाडू, रात्री बाजरीची भाकरी आणि तिच्यावर पुन्हा तूप, झोपताना शतावरी कल्प घातलेलं दूध. पाणी मात्र बेतानं. कारण पाण्यानं पोट सुटतं. तुपानं नाही हं, पाण्यानं. हे कुठं लिहिलंय असं विचारायची सोय नाही, कारण ज्यांच्या तोंडी हे शास्त्र आहे त्या समोरच चमचा घेऊन बसलेल्या असतात.

मग येतं बारसं. पूर्वी ते बाराव्या दिवशी घरातल्या घरात व्हायचं, आता हॉल मिळेल त्या तारखेला, दीड-दोन महिन्यांनी होतं. पाळणा म्हणणाऱ्यांची तोंडं बाळाकडे आणि डोळे बाळाच्या आईच्या कमरेकडे.

‘काय गं, अजून एक राहिलंय वाटतं आत!’

‘लग्नात कशी चवळीची शेंग होतीस!’

‘आमचं बाई महिन्यात उतरलं होतं. काही करावं लागलं नाही.’

हे शेवटचं वाक्य ज्या काकूंचं, त्यांच्या बाळंतपणात घरात वजनकाटा नव्हता. त्या वाक्याला आजवर कुणी हरकत घेतली नाही, त्याचं कारण एवढंच.

मुळात ‘उतरलं’ म्हणजे काय उतरलं, ते एकदा बघू. नऊ महिन्यांत सर्वसाधारण बाईचं वजन १० ते १२ किलोनं वाढावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे ‘आता दोघांचं खा’ या मंत्रानं ते १८ किलोंवरही जातं. खरं तर तिसऱ्या महिन्यानंतर रोज ३५० उष्मांक जास्तीचे पुरतात, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण. पण दोन पोळ्यांवर कुठल्या सासूचं समाधान झालंय? असो. प्रसूतीच्या दिवशी साधारण ३ किलोचं बाळ बाहेर येतं, अर्धा-पाऊण किलोची वार येते, लिटरभराच्या आसपास गर्भजल जातं. वाढलेलं रक्त आणि अंगात मुरलेलं पाणी पुढच्या काही आठवड्यांत घाम-लघवीवाटे निघून जातं. गर्भाशय त्या दिवशी किलोभराचं असतं, ते आकसत आकसत ६ आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येतं. उरते ती तीन-चार किलो चरबी. ती शरीरानं मुद्दाम साठवलेली असते, पुढच्या दुधासाठी. बारशाच्या दिवशी काकू जिकडे बोट दाखवून हसतात, ते बाळाच्या येत्या काही महिन्यांच्या पोटापाण्याचं सामान असतं. काकूंनी आणलेल्या झबल्यापेक्षा ते जास्त दिवस टिकेल.

आता पहिला ठाम समज, पोटपट्टा. आजीच्या जुन्या नऊवारीची फाडलेली पट्टी असो नाहीतर मोबाइलवरून मागवलेला महागडा पट्टा असो, पहिल्या दीड महिन्यात पोट जे कमी होतं त्याचं सगळं श्रेय तो घेऊन जातो. पोट कमी होतं गर्भाशय आवळत गेल्यानं, आणि बाळ अंगावर पिताना जे ऑक्सिटोसिन सुटतं, ते या आवळण्याला मदत करतं. पट्ट्यानं कमरेला आधार वाटतो, सिझर झालं असेल तर खोकताना टाके ओढत नाहीत. हे त्याचं खरं काम आणि तेवढ्यासाठी तो खुशाल बांधावा. चरबी त्याखाली दबते, वितळत नाही. गाठ सोडली की जागच्या जागी. शिवाय गरोदरपणात पोटाचे मधले दोन स्नायू एकमेकांपासून बाजूला सरकलेले असतात. ते जवळ यायला वेळ लागतो, काहींना त्यासाठी फिजिओथेरपिस्टची मदत लागते. तिसऱ्या आठवड्यात मोबाइल समोर ठेवून पोटाचे व्यायाम सुरू करणाऱ्या मुलींना हे कुणीच सांगत नाही. त्यांना सांगितलं जातं ते हे, की सिझर झालं म्हणून पोट सुटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझरनं होतं. बाकीच्या तिघींची पोटं कशानं सुटली, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

लाडवाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब असा, की अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या ६ महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, पुढच्या ६ महिन्यांत ५२०. म्हणजे हुकूम नंबर एकमध्ये तथ्य आहे. पाजणारीला भूक लागते आणि ती खरी असते. आता डिंकाचा लाडू घ्या. डिंक तुपात तळलेला, किसलेलं सुकं खोबरं, खारीक, बदाम, गूळ, आणि वळताना सुटतोय म्हणून वरून अजून थोडं तूप. आजीच्या मुठीच्या मापानं वळला तर एकात अडीचशे उष्मांक सहज. दोन लाडू आणि एक पेला दूध झालं की सहाशेचा कोटा संपला. खीर, भातावरचं तूप, भाकरीवरचं तूप आणि ‘एवढासा शिरा राहिलाय, तेवढा संपव’ हे सगळं कमरेच्या वाट्याला.

लाडवाला शिव्या घालण्यात मात्र अर्थ नाही. तो ज्या बाईसाठी जन्माला आला, ती आज हॉलवर बारसं करत नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं खायची, पोटुशी असताना पाणी भरायची, दळायची, शेतात वाकायची. सव्वा महिना संपला की पुन्हा जातं, विहीर आणि शेत तिची वाट पाहत असायचं. वर्षाच्या बारा महिन्यांत तूप, खोबरं, बदाम तिच्या ताटात हक्कानं पडायचे ते एवढेच चाळीस-पंचेचाळीस दिवस, आणि तेही बाळाच्या नावावर. तुझ्या अंगात रक्त नाही म्हणून खा, असं म्हणून सुनेला तूप वाढणारी घरं किती होती? बाळाला दूध यायला हवं म्हणून वाढणारी मात्र गावोगाव होती. कुणा हुशार आजीनं ही वाट शोधून काढली असणार. तिला माझा नमस्कार. नंतरच्या पिढ्यांनी लाडू तसाच ठेवला, मूठही तीच ठेवली, आणि बाईचा बाकीचा दिवस बदललाय इकडे बघितलंच नाही. आता तिच्या घरात मिक्सर आहे, लिफ्ट आहे, आणि तूप तिला एरवीही मिळतं.

सगळ्यांनाच मिळतं असंही नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच बायकांमागे साधारण एक कृश निघाली आणि एकीहून थोड्या जास्त स्थूल निघाल्या; आणि रक्तक्षय असलेल्या निम्म्याहून जास्त. म्हणजे याच राज्यात मेळघाटातल्या, नंदुरबारमधल्या बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून एक चौरस जेवण तरी मिळावं म्हणून सरकारला २०१५ पासून अमृत आहार योजना चालवावी लागते, आणि कोथरूडमधली तिची वहिनी शोभेल अशी बाई, बाळ दोन महिन्यांचं असताना संध्याकाळी सहानंतर काही खायचं नाही अशी शपथ घेते. पहिलीला कुणी ‘वाळ’ म्हणत नाही. वाळायला तिच्यात काही शिल्लकच नाही.

दूध लाडवानं येतं, हा आपला दुसरा ठाम समज. दूध येतं ते बाळानं ओढल्यानं. जेवढं बाळ पितं तेवढं तयार होतं. वारंवार पाजलं की वाढतं, पाजणं लांबवलं की आटतं. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध घेतं. आईचं जेवण थोडंफार कमी-जास्त झालं म्हणून शरीर एवढ्यातेवढ्यात बाळाचं दूध तोडत नाही, ते आईच्याच साठ्यातून घेतं. पाजण्याच्या महिन्यांत आईच्या हाडांची घनता ३ ते ७ टक्क्यांनी उतरते आणि पाजणं थांबल्यावर बहुतेक भरून येते. म्हणून ‘तू नाही खाल्लंस तर बाळ उपाशी राहील’ हे वाक्य तितकंसं खरं नाही. ‘तू नाही खाल्लंस तर तुझं काय होईल’ हे वाक्य खरं आहे. पण ते कुठल्याही घरात ऐकू येत नाही. बाळंतिणीनं स्वतःसाठी खावं, असं म्हणायची आपल्याला अजून सवय नाही.

यावर कडी म्हणजे तिसरा समज, आणि तो शिकल्यासवरल्या घरांतला. ‘अंगावर पाज, वजन आपोआप उतरेल.’ इस्पितळाच्या भिंतीवर गुलाबी चित्र असतं, त्याच्याखाली पाजण्याचे फायदे असतात आणि शेवटचा फायदा हा असतो. पाजावंच. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्या म्हणते आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ वरच्या खाण्याबरोबर चालू ठेवा म्हणते, त्यामागची कारणं भक्कम आहेत. पण वजनाच्या बाबतीत संशोधनाचं एकमत नाही. कुणाचं उतरतं, कुणाचं थोडं उतरतं, कुणाचं पाजणं सुटेपर्यंत हलत नाही, कारण उष्मांक खर्च होतात तशी भूकही पेटते. आणि ज्या बाईचं ‘आपोआप’ उतरत नाही, तिच्यावर संशय घेतला जातो की ही चोरून खाते. जाहिरात भिंतीवरच्या चित्रानं करायची आणि आरोपी हिला करायचं!

बरं, मग पाजताना वजन कमी करावं की करू नये? याचं उत्तर इतकं साधं आहे की त्यावर कुणाचाच धंदा चालत नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. वजन जास्त असलेल्या ४० पाजणाऱ्या आया. बाळ ४ आठवड्यांचं झाल्यापासून १४ आठवड्यांचं होईपर्यंत एका गटानं रोजचं खाणं ५०० उष्मांकांनी कमी केलं आणि आठवड्यातून ४ दिवस ४५ मिनिटं व्यायाम केला. त्यांचं वजन आठवड्याला अर्धा किलो या गतीनं उतरलं आणि त्यांच्या बाळांची वाढ दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच झाली.

आठवड्याला अर्धा किलो! ही बातमी दोन्ही पक्षांना नकोशी आहे. आजीचा पक्ष म्हणतो, पाजणारीनं घास कमी करायचाच नाही. जिमच्या पक्षाला अर्धा किलो परवडत नाही, कारण ‘६ आठवड्यांत पूर्वीसारख्या दिसा’ असा फलक लावून बसल्यावर आठवड्याला अर्धा किलोनं फक्त तीन किलो होतात, आणि तीन किलोंचं आधीचं-नंतरचं छायाचित्र काढलं तर दोन्हीत तीच बाई दिसते.

व्यायाम केला की दूध आंबतं आणि बाळ तोंड फिरवतं, असंही एक भय घराघरांत फिरत असतं. बेताच्या व्यायामानं दूध कमी होत नाही आणि बाळही ते नाकारत नाही, हे तपासून झालेलं आहे. सकाळी चालायला जावं, सोसायटीत चार फेऱ्या माराव्यात, सिझर असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. पाजून मग निघावं म्हणजे अंग जड वाटत नाही. यात अवघड काय आहे? अवघड एवढंच आहे की त्या वेळात बाळ कुणी घ्यायचं.

तिथं जाण्याआधी बाजारातून एक चक्कर मारू. नोव्हेंबर २०११ मध्ये ऐश्वर्या राय बच्चनला मुलगी झाली आणि सहा महिन्यांनी, मे २०१२ मध्ये, ती कानच्या चित्रपट महोत्सवात गेली. विश्वसुंदरीचं वजन का उतरलं नाही, यावर देशभरच्या लोकांनी आपापली ढेरी सावरत मतं मांडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, लंडनमध्ये केट मिडलटन बाळाच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी पोट न लपवता इस्पितळाच्या दारात उभी राहिली. त्याच आठवड्यात एका इंग्रजी साप्ताहिकानं तिच्या वजन उतरवण्याच्या बेतावर मुखपृष्ठ केलं. लोक एवढे चिडले की साप्ताहिकाला खुलासा करावा लागला. आपल्याकडे खुलासा वगैरे कुणी मागितला नाही. उलट, त्यानंतरच्या नट्यांनी धडा घेतला आणि बाळाच्या पहिल्या फोटोआधी स्वतःच्या सपाट पोटाचा फोटो टाकायला सुरुवात केली. त्या फोटोमागे स्वयंपाकी, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक आणि दोन दाया उभ्या असतात. त्या चौकटीत मावत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

हा फोटो रात्री तीन वाजता, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बसलेली मुलगी बघते. त्या वेळी तिला काहीही विकता येतं. कीटो, सोळा तासांचा उपवास, पोट साफ करणारे चहा. पाजणाऱ्या आईनं भात-पोळी एकदम बंद केली तर रक्तात आम्ल साचून इस्पितळात भरती व्हावं लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत; विकणारा हे सांगत नाही. २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे आली, मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी. वेगोवीसारखं औषध पाजणाऱ्या आईनं घेऊ नये, असा सल्ला आहे. तरी ‘एक विचारू का, बाळ चार महिन्यांचं आहे, घेतलं तर चालेल का’ असे प्रश्न येणारच. कारण बारशातला ‘अजून एक राहिलंय वाटतं’ हा विनोद ज्यांनी केला ते विसरले, जिच्यावर केला ती विसरलेली नाही.

आता ते बाळ कुणी घ्यायचं, हा प्रश्न. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये साडेनऊशेच्या आसपास आयांवर केलेलं एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. बाळ ६ महिन्यांचं असताना ज्या आया दिवसभरात मिळून ५ तास किंवा त्याहून कमी झोपत होत्या, त्यांच्यात वर्षानंतरही ५ किलो किंवा जास्त वजन शिल्लक राहण्याची शक्यता ७ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होती. झोप, बायांनो! आणि बुवांनो, तुम्हीही ऐका. ज्या घरात आळीव कुठल्या दुकानातलं आणायचं यावर तासभर चर्चा होते, त्या घरात बाळंतीण काल किती वाजता झोपली हे कुणाला ठाऊक नसतं. नवऱ्याला ठाऊक असायचं कारणच नाही, तो ‘उद्या ऑफिस आहे’ म्हणून पाचव्या दिवसापासून दुसऱ्या खोलीत गेलेला असतो. हिला उद्या काय आहे? हिला उद्याही आजच आहे.

कायदाही याच घरातला पाहुणा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तेवढीही देण्याचं बंधन नाही. आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी हवी. या शेवटच्या दोन गोष्टी प्रत्यक्ष वापरणारी बाई आपल्या कचेरीत दिसली तर तिला चहा पाजा. आणि हे सगळं पगारपत्रक असलेल्या बाईचं झालं. घरकाम करणारी, ऊस तोडणारी, भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई या कायद्याच्या अंगणातही येत नाही. तिचं वजन मात्र बाळंतपणानंतर पटकन उतरतं, आणि मग तेच आपल्या सुनांना उदाहरण म्हणून ऐकवलं जातं: ‘त्या बायका बघ, पंधरा दिवसांत कामाला!’

पाजायला जागा म्हणून एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आले, ही चांगलीच गोष्ट झाली. कक्ष उघडा असला, आत पंखा चालू असला आणि खुर्चीवर जुनी दप्तरं नसली तर आणखी चांगली. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो काढले. दोन-अडीच महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात त्यांना तिथल्या हिरकणी कक्षातल्या धुळीबद्दल तक्रार करावी लागली. आमदारबाईंची ही गत, तर स्थानकावर फलटणची गाडी धरणाऱ्या बाईनं काय करायचं? पदर ओढून कोपऱ्यात बसायचं. मूळची हिरकणी सुदैवी म्हणायची. बाळासाठी ती रायगडाचा कडा उतरून गेली, तेव्हा खाली तिला ‘एवढी उतरलीस, पण पोट काही उतरलं नाही गं’ असं म्हणणारं कुणी भेटल्याचं कथेत तरी नाही.

वजनाकडे लक्षच देऊ नये, असं मी म्हणत नाही. गरोदरपणात ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांना पुढे कायमचा मधुमेह जडण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यांनी प्रसूतीनंतर ६ आठवड्यांनी साखर तपासून घ्यायलाच हवी, आणि त्यांच्यासाठी वजन उतरवणं हे ब्लाउजमध्ये मावण्यासाठी नसून औषधाइतकं गरजेचं आहे. गंमत बघा, नऊ महिने हिच्या जेवणातली साखर मोजणारं घर बाळ झाल्यावर गुळाचे लाडू वळायला घेतं आणि ती तपासणी कुणाच्याच लक्षात राहत नाही. काहींचं बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं. अंग जड, केस गळताहेत, सारखी दमणूक, मन उदास. घरचे म्हणतात, ‘पहिलटकरणीचं असंच असतं.’ रक्त तपासलं तर कारण सापडतं. वजन उतरत नाही म्हणून तिला हसण्याआधी हे दोन कागद काढून आणले, तर निदान हसणाऱ्याला काहीतरी माहिती तरी होईल.

बाकी सगळ्यांसाठी पहिले दोन महिने वजनकाट्याला हात लावू नये, दूध नीट बसू द्यावं. त्यानंतर घाई न करता. लाडू दिवसाला एक, तोही आवडत असेल तर. डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, दही पोटभर. तहान लागेल तेवढं पाणी, कुणी काहीही म्हणो. आणि ज्या वजनाला यायला नऊ महिने लागले, त्याला जायला वर्ष लागलं तर तो उशीर नाही.

ज्या घरात सध्या पाळणा आहे, तिथल्या बाबांना शेवटची विनंती. रात्री दोन वाजता बाळ रडलं की दूध तुम्हाला पाजता येणार नाही, हे मान्य. पण लंगोट बदलता येतो, ढेकर काढता येतो, खांद्यावर घेऊन पुन्हा झोपवता येतं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास बाळ सांभाळता येतं, म्हणजे ती चालून येईल किंवा निवांत आंघोळ तरी करेल. दुसऱ्या खोलीतली गादी आज रात्रीच आत आणा.